साडेअकराचं लगन

घुग्घुसच्या एका उघड्या कोळसा खाणीत वामनराव खोब्रागडे पंप चालवत. खाणीच्या तळाशी पाणी साचतं. ते उपसलं नाही तर यंत्रं बुडतात आणि काम थांबतं, म्हणून पाण्यावर रात्रंदिवस कोणीतरी डोळा ठेवून बसावं लागतं. वामनराव एकतीस वर्षं ते करत आले होते. पण गावात त्यांना पंपवाला म्हणून कोणी ओळखत नव्हतं. लोक ओळखत ते त्यांच्या आवाजाला. आसपासच्या वीस-पंचवीस गावांतल्या बौद्ध घरात सोयरीक जुळली, की पोरीचा बाप आधी वामनरावांची तारीख घ्यायला यायचा. ते बौद्धाचार्य होते, म्हणजे बौद्ध पद्धतीने लग्न लावणारे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि गळा असा की शेवटच्या ओळीत जेवायची वाट बघणारा माणूससुद्धा दोन मिनिटं गप्प व्हायचा. खाणीतली रजा टाकून ते लग्नं लावत. सव्वीस वर्षांत सातशेच्या वर जोडपी त्यांच्यापुढे उभी राहिली होती.

आता बौद्ध लग्नाला मुहूर्त लागत नाही. तिथी नाही, घटका नाही. माणसं जमली, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या लागल्या, की लग्न लागलं. मुहूर्तापासून सुटून लोकांना साठ-पासष्ट वर्षं झाली होती. तरीपण पत्रिकेवर छापलं जायचं ते ‘सकाळी साडेअकरा’च. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, काही ठाऊक नाही. आणि साडेअकरा छापलेलं लग्न दीडच्या आत कधी लागत नसे. वरात निघायची उशिरा, पोरं नाचायची रस्ताभर, आणि एखादे साहेब येणार असतील तर त्यांची वाट बघणं आलंच. एप्रिल-मे महिन्यात, चंद्रपूरच्या तपनीत, म्हणजे रणरणत्या उन्हात.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात असंच एक लग्न होतं, नदीपलीकडच्या एका गावात. नवरदेवाच्या दारात धुमाल लावला होता. आमच्याकडे वरातीला धुमाल लागतोच. मोठे ढोल, ताशे, मागे भोंगे बांधलेली गाडी. त्या धुमालात लटारू ढोल वाजवत होता. लटारू वामनरावांच्याच मोहल्ल्यातला, दोन गल्ल्या सोडून राहणारा. एरवी तो रेल्वे सायडिंगवर ठेकेदाराकडे कोळसा भरण्याच्या कामावर जायचा आणि लग्नसराईत धुमालात. पन्नाशी ओलांडली होती, पण ढोल गळ्यात पडला की पंचविशीतला वाटायचा.

वरात मांडवाच्या दाराशी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. आणि निरोप आला, आमदारसाहेब निघालेत, पाच मिनिटांत पोचतात.

वामनरावांनी माइक हाती घेतला. “समस्त उपासक-उपासिकांना विनंती, आपले लाडके आमदारसाहेब थोड्याच वेळात पोचत आहेत. कृपया आपण थांबावे.” अर्ध्या तासाने पुन्हा तेच. एक वाजता तिसऱ्यांदा. बाया पदराने वारा घेत होत्या. लेकरं रडून रडून झोपली होती. बाहेर रस्त्यावर धुमाल चालूच होता. साहेब येतील तेव्हा वाजंत्री बंद दिसली तर बरं दिसत नाही, असं नवरदेवाच्या मामाचं म्हणणं. धुमालवाल्यांच्या अंगात चमकीचे जाड लाल कोट होते.

साहेब दोन वाजायला दहा मिनिटं असताना आले. फूल वाहिलं, फोटो काढला, नवरानवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चार मिनिटांत निघाले. त्या दिवशी त्यांची अकरा लग्नं होती.

वामनराव नवरानवरीकडून प्रतिज्ञा म्हणवून घेत होते, तेव्हा बाहेर गलका झाला. त्यांना वाटलं, पोरांचं भांडण. त्यांनी आवाज चढवून पुढचं म्हटलं. सगळं आटोपून मांडवाबाहेर आले तेव्हा लटारू गाडीच्या चाकाशी आडवा होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, आणि तोंडाने काहीबाही बडबडत होता. कोणी त्याच्या नाकाला कांदा लावत होतं. कोणीतरी थंड पेयांच्या पेटीतला बर्फ आणून त्याच्या छातीवर टाकला. मग टेम्पोत घालून त्याला चंद्रपूरला नेलं.

लटारू वाचला. अकरा दिवसांनी घरी आला. पण जो गेला होता तो आला नाही. पाय टाकायचा एकीकडे, पडायचा दुसरीकडे. बोलताना जीभ अडखळायची. चहाची कपबशी हातात दिली की अर्धा चहा बशीत आणि अर्धा अंगावर. डॉक्टरांनी सांगितलं, तपनीने मेंदूला मार बसला, सुधारला तर हळूहळू सुधारेल.

घरी आणलं त्याच संध्याकाळी वामनराव भेटायला गेले. लटारूची बायको भागीरथा दारात तांदूळ निवडत होती. तिने पाट टाकला, पाणी दिलं. लटारू खाटेवर बसून वामनरावांकडे पाहून हसला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग भागीरथा सुपातून मान वर न करता म्हणाली, “वामनभाऊ, एक सांगू का? याईनं सांगतलं मले. हे म्हने, मी दोनदा ढोल खाली ठेवाले गेलतो. मंग तुमचा आवाज आला, साहेब येऊन राह्यले, थांबा. म्हनून मी थांबलो.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर वामनरावांना सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालं. पंपाजवळ बसले की तिन्ही वेळचं ‘थांबावे’ त्यांना ऐकू यायचं. शेवटी एका सकाळी त्यांनी बायकोला, कमलाबाईंना सांगितलं, “आता एप्रिल-मे महिन्यात दुपारचं लगन मी लावनार नाई. सकाळी नवाच्या आत, नाई तर दिवस कलल्यावर.”

कमलाबाई भाकर थापत होत्या. म्हणाल्या, “मंग दुसरा लावन. तुमी नाई लावलं म्हनून लोकाईचे लगन थांबनार आहेत का?”

“मंग लोकाईलेच सांगतो.”

“सांगा.”

आणि त्यांनी सांगितलं. जून महिन्यातल्या एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते उभे राहिले. वर्तमानपत्रातली कात्रणं जमवली होती. जागतिक तापमानवाढ, हरितगृह वायू, ध्रुवावरचा बर्फ, समुद्राची पातळी, सगळं त्यांनी शुद्ध पुस्तकी भाषेत, त्यांच्या त्या गाजलेल्या आवाजात चाळीस मिनिटं सांगितलं. मागच्या बाया उठून गेल्या. पोरं मोबाइल बघत बसली. शेवटी एक म्हातारा उठून म्हणाला, “वामन, समुद्र येथून किती दूर आहे बापा?” सगळे हसले. वामनरावही कसंनुसं हसले.

घरी आल्यावर कमलाबाई म्हणाल्या, “तुमी माइकवर बोलले.”

“माइक नव्हता तिथं.”

“नव्हता, तरी माइकवरच बोलले. लोकाईले सांगत राह्यता तुमी. इचारत काऊन नाई कधी?”

त्यांनी ते तेव्हा मनावर घेतलं नाही. उलट खाणीत गेले तर तिथेही तेच झालं. हेमराज नावाचा डंपर चालवणारा त्यांचा जुना सोबती होता. गावाकडे शेती, कुणब्याच्या घरचा, बोलायला फटकळ पण मनाने सरळ. डबा खाताना वामनरावांनी विषय काढला, कोळसा जळतो, त्याचा धूर आभाळात साचतो, त्याने तपन वाढते. हेमराजने घास हातातच ठेवला.

“भाऊ, तुमच्या घराच्या विटा कायच्या आहेत?”

“कायच्या म्हंजे?”

“कोळशाच्या. माह्या बी. तुमचं पोरगं कोळशावर शिकलं, माही पोरगी कोळशावर शिकून राह्यली. आनि आता रिटायर व्हाले दोन साल राह्यले त तुमी कोळशाले नाव ठेवता? आमी काय खाचं मंग?”

वामनरावांनी भाकर पुन्हा डब्यात ठेवली. म्हणाले, “मले नाई माईत, हेमराज. खरंच नाई माईत. पन लटारूले मी पाह्यलं.”

डबा बंद करताना हेमराज म्हणाला, “कोळशावर बोलशान त मी भांडीन. सायडिंगवरच्या लोकाईसाठी बोलशान, त संगं येतो. थे लोक दुपारी उघड्यावर मरून राह्यले, हे मी बी पायतो.” आणि त्याने ते पाळलं. खाणीच्या सुरक्षा समितीच्या बैठकीत दोघांनी मिळून मांडलं, की उन्हाळ्यात बारा ते चार सायडिंगवर उघड्यावरचं काम बंद ठेवा आणि सावलीला छप्पर टाका. छप्पर पडलं. काम बंद ठेवण्याचं मात्र ‘विचाराधीन’ राहिलं.

पावसाळा लागला. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचन वामनरावच करत. एका संध्याकाळी वाचन लवकर संपलं, बाहेर पाऊस कोसळत होता आणि कोणाला घरी जाता येत नव्हतं. वामनराव सतरंजीवर बायांच्या समोर तसेच बसून राहिले. आणि काय मनात आलं कोण जाणे, समोरच्या सुमनबाईंना त्यांनी विचारलं, “बाई, तुमचं लगन कोनत्या महिन्यात झालं? काई याद आहे का?”

सुमनबाई सत्तरीच्या. आधी लाजल्या. मग सांगायला लागल्या. वैशाखातच झालं होतं. दारापुढे सडा टाकलेला, वर जांभळीच्या डहाळ्यांचा गच्च मांडव, खाली भुई ओली. “तपन होती, पन अंगाले लागत नव्हती, भाऊ. मातीवर बसलो व्हतो ना. आता तुमचे थे लॉन राह्यते, खाली फरशी, वर टिनाचं. भट्टीत बसवल्यावानी.” दुसरी म्हणाली, तिच्या लग्नात वऱ्हाड रात्री बैलगाड्यांनी आलं, उन्हात कोणी निघतच नसे. तिसरी म्हणाली, तिच्या पोरीच्या लग्नात पोरगी शालू आणि दागिन्यांत चार तास बसली आणि फोटो काढताना ओकली, पण बोलायचं कोणाला? चौथीने सांगितलं, तिच्या दिराला मागच्या साली लग्नातून येताना मोटारसायकलवर चक्कर आली. पाऊस थांबला तरी कोणी उठेना. वामनराव एवढा वेळ फक्त ‘मंग?’ आणि ‘कोनत्या साली?’ एवढंच बोलले होते.

सगळं ऐकून झाल्यावर सुमनबाईंनीच विचारलं, “पन भाऊ, तपन खरंच वाढली का? का आमीच म्हाताऱ्या झालो?”

तेव्हा वामनरावांनी कात्रणातलं सांगितलं, पाच मिनिटांत, बायांच्याच भाषेत. कोणी उठून गेलं नाही.

त्या बैठकीतच अडचणीही कळल्या. बायांनी स्पष्ट सांगितलं. सकाळी नवाला लग्न म्हणजे नवरीच्या घरच्या बायांनी तीनला उठायचं, तुम्ही पुरुष सातला उठून ‘चहा कुठी आहे’ विचारणार. संध्याकाळी लावलं तर दूरच्या पाहुण्यांना परतीची बस नाही. सकाळी लावलं तर पहिली बसच साडेनऊला येते. वामनरावांनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांना पहिल्यांदाच कळलं, की आपण ज्याला हट्ट समजत होतो, त्यात निम्मी सोय होती.

तरी त्यांनी आपला नियम सोडला नाही. पुढच्या लग्नसराईच्या तारखा घ्यायला लोक यायला लागले. वामनराव म्हणायचे, “सकाळी नऊ नाई तर संध्याकाळी सहा. दुपारचं असन त दुसरे आचार्य पाहा, मी नाराज नाई.” आणि लोक दुसरे पाहायला लागले. ज्या घरातल्या बापाचं लग्न वामनरावांनी लावलं, त्या घरातल्या पोराच्या लग्नाला त्यांना नुसती पत्रिका आली. एकदा अशी पत्रिका खिडकीत ठेवताना कमलाबाईंनी ती उलटी ठेवली.

पहिला होकार आला तो प्रफुल मेश्राम यांच्या घरून, आणि तोही बापाकडून नाही. त्यांची पोरगी संघप्रिया दवाखान्यात नर्स होती. वडलांसोबत तारीख ठरवायला ती स्वतः आली. प्रफुलभाऊ म्हणत होते, साडेअकराच बरं, आमदारसाहेबांना पत्रिका देणार आहोत, ते सकाळी कसे येतील? संघप्रिया म्हणाली, “बाबा, मे महिन्यात आमच्या वार्डात लग्नातूनच पेशंट येतात. लग्नाचे कपडे घालून. मी त्याईचे दागिने काढून ठेवतो. माह्या लग्नातून कोनी तिथं नाई आलं पाह्यजे.”

प्रफुलभाऊंनी वामनरावांकडे बघितलं. “मंग साहेबाईचं काय कराचं?”

“साहेबाईले मी इचारतो,” वामनराव म्हणाले. बोलून गेले खरे, पण रात्रभर त्यांना झोप आली नाही. आयुष्यात त्यांनी आमदाराला ‘यावे’ आणि ‘आसनस्थ व्हावे’ याखेरीज काही सांगितलं नव्हतं.

जानेवारीच्या एका सोमवारी ते साहेबांच्या कार्यालयात गेले. बाहेर चाळीस माणसं. कोणाची बदली, कोणाचा रस्ता, कोणाचं घरकुल. दोन तासांनी नंबर लागला.

“बोला वामनराव,” साहेब म्हणाले. त्यांना नाव आठवत होतं. “कोनाचं लगन काढलं?”

“लगन नाई, साहेब. लगनाच्या टायमाचं बोलाचं होतं.” आणि त्यांनी नदीपलीकडच्या लग्नाचं सांगितलं. तुम्ही चार मिनिटं थांबलात, आम्ही तुमच्यासाठी जवळजवळ दोन घंटे थांबलो, हेही सांगितलं. मग लगेच म्हणाले, “तुमचा दोष म्हनत नाई. थांबा असं मीच म्हनलो व्हतो. माइक माह्या हाती व्हता.”

साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला. “लटारूचं मले कोनी सांगतलं नाई.”

“कोन सांगन, साहेब?”

खोलीत बसलेले दोन-तीन कार्यकर्ते खाली बघायला लागले. साहेब म्हणाले, “खरं सांगू का वामनराव, मले बी त्या तपनीत अकरा लग्नं करनं जमत नाई आता. मले बी डायबेटिस आहे. पन नाई गेलो त लोक म्हनतात, साहेब मोठे झाले. एका घरी गेलो आनि शेजारच्या घरी नाई गेलो, त पाच साल थे लोक याद ठेवतात. तुमी लोकाईले पटवा, मी मागून येतो.”

“लोक म्हनतात, साहेबाईले पटवा, आमी मागून येतो.”

साहेब मोठ्याने हसले. वामनरावही हसले. मग वामनरावच चाचरत म्हणाले, “एक काम करा. तुमी स्वतःच माह्या मोबाइलात बोला. ‘माह्यासाठी लगन थांबवू नका’, एवढंच. मी लग्नात लावीन. माह्या तोंडून आयकनार नाईत, तुमच्या तोंडून आयकतीन.”

स्वीय सहायक पुढे झाला, “साहेब, असं रेकॉर्डिंग…” साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. मोबाइल तोंडाजवळ धरला आणि बोलले, की माझ्यासाठी कोणी लग्न थांबवू नका, माझे आशीर्वाद आहेत, उन्हाळ्यात लग्नं सकाळी किंवा संध्याकाळी लावा, मी नंतर घरी येऊन जाईन. वीस-बावीस सेकंदांचं ते बोलणं.

वामनराव उठले नाहीत. “साहेब, आनखी एक. हे लगनाचं त मलम झालं. जखम मोठी आहे. सारी दुनिया तापून राह्यली आनि आपन इथी कोळसा काढून राह्यलो. मी बी काढला एकतीस साल. बंद करा असं नाई म्हनत मी. पन कधी ना कधी कमी होईन, तेव्हा इथची पोरं काय करतीन, एवढं तरी तुमी विधानसभेत इचारा.”

साहेबांचा चेहरा बदलला. “या भागात कोळशावर बोलाचं म्हंजे, वामनराव, तुमाले माईत आहे.”

“माईत आहे. माह्या सोबत्यासमोर मले बी बोलता नाई येत.”

“लिहून द्या,” साहेब म्हणाले.

वामनरावांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. पहाटे लिहून आणला होता. त्यात सकाळच्या बसचीही मागणी होती. साहेबांनी तो वाचला, सगळा वाचला, आणि सहायकाकडे न देता स्वतःच्या डायरीत ठेवला. त्या प्रश्नाचं पुढे काय झालं, ते अजून कळलेलं नाही. वामनराव दर तीन महिन्यांनी एक स्मरणपत्र टाकतात. सकाळची बस मात्र त्या एप्रिलमध्ये सुरू झाली, आठवड्यातून चार दिवस. जूनमध्ये बंद झाली. आगाराचे साहेब म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात परत अर्ज द्या.

संघप्रियाचं लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी पावणेनऊला लागलं. वामनरावांनी मोबाइल माइकला लावला, साहेबांचा आवाज भोंग्यातून आला, लोक चकित होऊन एकमेकांकडे बघायला लागले आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दहा वाजता पंगत उठली. म्हातारी माणसं अकराच्या आत आपापल्या घरी कूलरपुढे होती. साहेब खरंच संध्याकाळी प्रफुलभाऊंच्या घरी आले आणि चार मिनिटांऐवजी अर्धा तास बसले.

त्या सराईत वामनरावांनी नऊ लग्नं लावली. आधी ते तीस-पस्तीस लावत. पण ती नऊ बघून पुढच्या साली दुसरे दोन आचार्यही सकाळची वेळ घ्यायला लागले. काही गावांत काही बदललं नाही. एका लग्नात तर साहेबांचं रेकॉर्डिंग लावूनही लोक दीड वाजेपर्यंत साहेबांची वाट बघत बसले.

हेमराजच्या पोरीचं, दिव्यानीचं लग्न त्याच साली होतं. त्यांच्यात मुहूर्त बघतात. हेमराजने गोरजाचा मुहूर्त मागितला होता, पण पोराकडच्यांनी मानलं नाही, दुपारी बारा वीसच. पत्रिका द्यायला आला तेव्हा तो दाराबाहेरच उभा राहिला. “भाऊ, माहं चाललं नाई. पोरीवाल्याचं कुठी चालते?”

“मी येतो,” वामनराव म्हणाले.

गेले तर हेमराजने वरात बसस्टँडवरून न काढता मांडवाच्या शेजारच्या आंब्याखालून काढायला लावली होती, दहा पावलांची. टिनावर ओल्या पोत्यांचा थर टाकला होता. धुमालवाल्यांना त्याने स्वतः कोट उतरवायला लावले आणि साधे सुती शर्ट दिले. “मुहूर्त माह्या हाती नव्हता,” तो वामनरावांना म्हणाला, “बाकीचं व्हतं.” लग्न बारा वाजून पंचवीस मिनिटांनी लागलं.

लटारूची तब्येत थोडी सुधारली. काठी घेऊन विहारापर्यंत येतो. वामनराव रोज संध्याकाळी त्याच्या दारावरून जातात आणि दोघं सोबत चालतात. भागीरथेने त्या दिवशी जे सांगितलं, ते पुन्हा कधी काढलं नाही. वामनरावांनी मात्र एकदा तिला सांगितलं, “बाई, तुमी बोलले नसते त मी अजून थांबाच म्हनत राह्यलो असतो.” ती म्हणाली, “बोलाले मले अकरा दिवस लागले, भाऊ.”

मागच्या वर्षी वामनराव निवृत्त झाले. आता वेळच वेळ आहे. कमलाबाईंची बहीण मूल शहराजवळच्या एका गावी दिली आहे. तिथल्या बचत गटाच्या बायांनी त्यांच्याबद्दल ऐकलं आणि त्यांना बोलवून घेतलं, तपनीवर बोला म्हणून. भातशेतीचं गाव. तिथे भाताच्या रोपांना पऱ्हे म्हणतात, ती उपटून चिखलात लावण्याला रोवणं, आणि खाचरांना बांध्या. गटाच्या अध्यक्ष दुर्गाबाईंच्या अंगणात पंधरा-वीस बाया जमल्या होत्या, आणि वामनरावांना वर ओट्यावर बसवलं होतं. वामनरावांनी लग्नांचं सांगायला सुरुवात केली. बायांनी ऐकून घेतलं, माना डोलावल्या. मग दुर्गाबाई म्हणाल्या, “भाऊ, लगन त सालातून एखादं. आमचं रोवन्याचं काय? पऱ्हे टाकले की पानी गायब, पऱ्हे तिथंच बुढे होऊन जाते. आनि पाऊस आला की येवढा येते, की बांध्या फुटून जाते. कंबरभर चिखलात दिवसभर वाकून राहाचं, वरून तपन. कोनाले सांगाचं आमी, ग्रामसेवकाले, का तलाठ्याले, का तुमच्या त्या आमदाराले?”

वामनरावांनी आयुष्यात कधी धान रोवलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं, आणि या वेळी त्याची त्यांना लाजही वाटली नाही. ते ओट्यावरून उतरले आणि खाली बायांच्या ओळीत सतरंजीवर येऊन बसले. म्हणाले, “मले धानातलं काई समजत नाई, बाई. पयल्यापासून सांगा. पऱ्हे कधी टाकत व्हते तुमी, आनि आता कधी टाकता?”

दुर्गाबाईंनी शेजारच्या म्हातारीकडे बघितलं. “तू सांग, माय,” त्या म्हणाल्या, “तुले जास्त याद आहे.” म्हातारीने पदर सावरला, आणि ती आपल्या सासूच्या काळापासून सांगायला लागली.